वरिष्ठ पंचायत आणि नगर हवेलीचा स्थानिक कारभार

मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक नगर हवेलीचे नाव घेतात ते बहुधा दोन प्रसंगी. पहिला प्रसंग १७७९ च्या मराठे-पोर्तुगीज तहाचा आणि दुसरा १९५४ च्या मुक्तिसंग्रामाचा. ह्या दोन प्रसंगांच्या दरम्यान आणि त्यांच्यानंतर ह्या चिमुकल्या प्रदेशात रस्ता कोठून न्यावा, विहीर कोणत्या पाड्यावर खणावी, शाळा कोणी मागावी आणि कोणी द्यावी, हे कोण ठरवीत होते, ह्या प्रश्नाकडे आमच्या इतिहासलेखनाचे लक्ष फारसे गेलेले नाही. लढाया व तह ह्यांचा इतिहास लिहिण्याची आम्हांला सवय आहे. गावच्या कारभाराचा इतिहास लिहिण्याची तितकीशी नाही. वस्तुतः नगर हवेलीच्या इतिहासाचा गाभा ह्या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात आहे, असे आम्हांस वाटते. तो का, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा विचार आहे.

१

दमणगंगेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेला हा सुमारे ४९१ चौरस किलोमीटरांचा मुलूख. त्यात ७२ गावे. वारली, धोडिया, कोकणा, काथोडी, दुबळा, नायका अशा आदिवासी जमातींची येथे पूर्वापार वस्ती. वारली बोलीचे मराठीशी असलेले नाते भाषाभ्यासकांस परिचित आहे. दक्षिणेस तलासरी-जव्हारकडील मराठी मुलूख आणि उत्तरेस वापी-धरमपूरकडील गुजराती मुलूख, अशा दोन भाषांच्या सीमेवर हा प्रदेश उभा आहे. समुद्रकाठचे दमण येथून फार दूर नाही. परंतु दमण व नगर हवेली ह्यांच्या मध्ये, तसेच दादरा व नगर हवेली ह्यांच्या मध्येही, हिंदी मुलुखाची पट्टी आहे. ह्या भूगोलानेच पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत प्रकरण नेले.

१७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे लढाऊ जहाज पकडले. त्याच्या नुकसानभरपाईचा प्रश्न मिटविताना १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवे व पोर्तुगीज ह्यांच्यात मैत्रीचा तह झाला आणि सालिना १२,००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस लावून देण्याचे ठरले. तदनुसार १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या व गावे त्यांच्या ताब्यात गेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्यानंतर ह्या गावांवर पोर्तुगीजांचा अंमल आहे हे इंग्रजांनी गृहीत धरले, आणि जे उत्पन्न म्हणून दिले होते ते राज्य म्हणून भोगले जाऊ लागले. पूर्वीचे ठाणे दरारा येथे होते. १८८५ मध्ये सिल्वासाला शहराचा दर्जा आणि 'पासो द आर्कोस' हे पोर्तुगीज नाव मिळाले. सरकारी कागदांबाहेर मात्र ते नाव रुजले नाही. लोक सिल्वासाच म्हणत राहिले.

सरंजाम ह्या शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. सरंजामदार उत्पन्नाचा धनी असतो, भूमीचा स्वामी नसतो. परंतु ह्या शब्दाचा अर्थ युरोपातील न्यायाधीशांपुढे सांगण्याची वेळ एकदा आली, आणि ती नगर हवेलीमुळेच आली. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळून त्यास त्या वेळी अवघे आठ दिवस झाले होते. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड ह्यांनी मांडली आणि मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला हे भारताच्या वतीने तदर्थ न्यायाधीश म्हणून न्यायासनावर बसले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ आणि दोन्ही सनदांतील शब्द तपासून न्यायालयाने असे ठरविले की, मराठ्यांनी पोर्तुगीजांस दिली ती केवळ १२,००० रुपये उत्पन्नाची जहागीर अथवा सरंजाम होय. सार्वभौमत्व दिलेले नव्हते. पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांचे स्वामित्व गर्भितपणे मान्य झाले, हेही न्यायालयाने नमूद केले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल ह्यांस भारतीय प्रदेशातून जाण्याचा हक्क पोर्तुगालास होता, सैन्य व शस्त्रास्त्रे ह्यांस नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असा त्या निकालाचा सारांश आहे.

मराठी दप्तरातील एका शब्दाचा असा निवाडा व्हावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस महत्त्वाची वाटणे स्वाभाविक आहे. आमचे लक्ष मात्र त्यातील दुसऱ्या गोष्टीकडे वेधते. उत्पन्न घेणाऱ्याला गाव ओळखण्याची गरज नसते. बारा हजारांचा आकडा पुरा झाला की त्याचा संबंध संपतो. गावची सुधारणा करावयाची असेल तर मात्र गाव ओळखावे लागते. कोणत्या पाड्यावरील झरा चैत्रात आटतो आणि कोणत्या ओढ्यावरून पावसाळ्यात मुले शाळेत जाऊ शकत नाहीत, हे तेथे राहणाराच सांगू शकतो. पोर्तुगीज अमदानीत ह्या ज्ञानाला कारभारात जागा नव्हती. १९१९ च्या कृषिव्यवस्थेनुसार 'आल्वारा' ह्या नावाने जमिनींचे मोठमोठे पट्टे दिले गेले. जमीन कसणारा आदिवासी आणि जमिनीचा धनी ह्यांच्यातील अंतर त्यामुळे वाढतच गेले.

२

१९५४ च्या उन्हाळ्यानंतर गोष्टी झपाट्याने घडल्या. २२ जुलै रोजी फ्रान्सिस मस्करेन्हस व वामन देसाई ह्यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा मुक्त केले. २८ जुलै रोजी नरोली मुक्त झाले, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासावर तिरंगा चढला. त्यात आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे व प्रभाकर सिनारी, पुण्याहून गेलेले राजा वाकणकर, नाना काजरेकर आणि त्यांचे स्वयंसेवक होते. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवचरित्रकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले बाबासाहेब पुरंदरे हेही त्यांत होते. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांनी १९४५ पासून लगतच्या तलासरी-उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा केलेला होता. त्या चळवळीतील कार्यकर्तेही ह्या मुक्तिकार्यात उतरले. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो ११ ऑगस्ट रोजी शरण आला.

मुक्ती करणारे गट परस्परांहून भिन्न विचारांचे होते, आणि त्यांपैकी बहुतेक बाहेरून आलेले होते. ही गोष्ट आम्ही दोष म्हणून सांगत नाही. परंतु २ ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी जो प्रश्न उभा राहिला, तो ह्याच गोष्टीतून निर्माण झाला. किल्ला घेणाऱ्यांनी कारभार कोणाच्या हाती द्यावयाचा? भारत सरकारने हा मुलूख लगेच सामील करून घेतला नाही. पुढे तर हेग येथे दावा चालू असल्यामुळे सामीलीकरण लांबणीवरच पडले. अशा स्थितीत वरिष्ठ पंचायत ह्या नावाची संस्था प्रदेशाचा कारभार पाहू लागली आणि आप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले.

२ ऑगस्ट १९५४ ते ११ ऑगस्ट १९६१ ही सात वर्षे ह्या पंचायतीची होत. महसूल, बंदोबस्त, न्याय, टपाल ही राज्याची कामे तिच्या नावाने चालली. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या शिल्लक टपाल तिकिटांवर 'मुक्त प्रदेश' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे छापून ती वापरात आणली गेली. तिकिटांच्या संग्राहकांस ती आजही ठाऊक आहेत. बाहेरच्या जगाशी पत्रव्यवहार वापीमार्गे होई. पंचायत हा शब्द आपल्याकडे गावकीशी, फार तर चार गावांच्या तंट्याशी जोडलेला. येथे त्याच शब्दाने एका राज्याचे ओझे उचलले. भारतात ह्याच काळात गावपंचायतींचा विचार जोरात चालू होता: २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली, १९५७ मध्ये बळवंतराय मेहता समितीने आपला अहवाल दिला, १९५८ मध्ये मुंबई राज्याचा ग्रामपंचायत कायदा झाला. ह्या सर्वांत राज्य अगोदर होते आणि पंचायत त्याने निर्माण केली. नगर हवेलीत पंचायत अगोदर आली आणि राज्य नंतर आले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

३

जून १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. करार करावयाचा तर दोन्ही पक्षांचे प्रमुख हवेत. म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी एका दिवसापुरते ह्या मुक्त प्रदेशाचे प्रमुख झाले आणि त्यांनी पंतप्रधान नेहरूंसमवेत विलीनीकरणाच्या करारावर सही केली. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश झाला. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग होऊन गेले होते. ह्या सीमेवरील मुलुखाने दोहोंपैकी कोणत्याही राज्यात न जाता केंद्राकडे जाणे पसंत केले. न्यायदानापुरता मात्र तो मुंबई उच्च न्यायालयाशी जोडला गेला.

त्याच वर्षी संसदेने केलेल्या दादरा व नगर हवेली अधिनियमात वरिष्ठ पंचायतीला स्थान मिळाले. सर्वसाधारण धोरण आणि विकासयोजना ह्यांविषयी चर्चा करून प्रशासकाकडे शिफारशी करण्याचा हक्क तिला देण्यात आला. तिचे कार्य सल्लागार स्वरूपाचे राहील, मात्र निर्णय घेताना प्रशासकाने तिच्या शिफारशींची योग्य ती दखल घ्यावी, असेही कायद्याने म्हटले. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. ज्या संस्थेने प्रदेश सांभाळला तिला विसर्जित न करता मानाने सामावून घ्यावे, हाच तो हेतू. तरीही घडले ते असे: सात वर्षे निर्णय घेणारी संस्था आठव्या वर्षी सल्ला देणारी झाली.

महाराष्ट्रात ह्याच वेळी उलट दिशेने पाऊल पडत होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून रस्ते, प्राथमिक शिक्षण, दवाखाने, पाटबंधाऱ्यांची लहान कामे ही सर्व निवडून आलेल्या जिल्हा परिषदांच्या हाती आली. सीमेच्या एका बाजूस तलासरीचा सभासद ठाण्याच्या जिल्हा परिषदेत आपल्या पाड्यासाठी रक्कम मंजूर करून घेऊ शकत होता. दुसऱ्या बाजूस खानवेलचा सभासद शिफारस करू शकत होता. एकाच जमातीचे, एकच बोली बोलणारे, एकमेकांच्या घरी सोयरिकी करणारे लोक अशा दोन निरनिराळ्या व्यवस्थांत राहू लागले.

सल्ल्याला किंमत नसते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या प्रदेशात विधिमंडळ नव्हते, तेथे विकासयोजना चार लोकांसमोर मांडल्या जाणे हेही काही कमी नव्हते. गावांच्या पातळीवर १९६५ च्या विनियमाने ग्रामपंचायतींना कायद्याचा पाया मिळाला. पुढे ७२ गावांसाठी ११ ग्रामपंचायती असत. म्हणजे सरासरीने सहा-सात गावांमागे एक पंचायत, आणि प्रत्येक गावात विखुरलेले पाडे. एका पंचायतीच्या सभासदाला आपल्या गटातील सर्व पाड्यांचे पाणी, वाट व शाळा ह्यांचे ज्ञान असणे कठीण. सुधारणेची योजना सभागृहात नीट व्हावयाची तर सभागृहाबाहेर तिला भागीदार लागतात, हे येथे प्रकर्षाने दिसते.

४

असे भागीदार कोणते होते? १९६५ चे एक उदाहरण नोंदवावयास हवे. मुक्तीपूर्वी ह्या प्रदेशात कारखानदारी नव्हती. त्या वर्षी दान उद्योग सहकारी संघाने सिल्वासाजवळ पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत उभारली. जमीन, रस्ता, पाणी, वीज ही कामे प्रशासन व सहकारी संस्था ह्यांनी मिळून करावयाची, हा प्रयोग येथे प्रथम झाला. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला ह्यात नवल वाटणार नाही. परंतु ज्या मुलखात पावणेदोनशे वर्षे संघटित अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे महसूल, तेथे संस्थेने योजना करणे ही नवी गोष्ट होती.

दुसरा भागीदार म्हणजे जमीन कसणारा. आणि तो भागीदार होण्यास वेळ लागला. विहीर खणली तर तिचे पाणी कोणाच्या शेताला, रस्ता केला तर भाव कोणाच्या जमिनीला, हे प्रश्न जमिनीच्या मालकीपासून वेगळे काढता येत नाहीत. आल्वारा व तत्सम भूधारणा नष्ट करून कसणाऱ्यास जमीन देणारा भूमिसुधारणा विनियम १९७१ मध्ये झाला. म्हणजे विलीनीकरणानंतर दहा वर्षे, आणि मुक्तीनंतर सतरा. ह्या काळात झालेल्या सुधारणांचा लाभ कोणाच्या पदरात अधिक पडला असेल, ह्याचा अंदाज वाचक करू शकतात. पुढे दमणगंगेवर मधुबन धरण झाले. त्याने सिंचन व उद्योग ह्यांस पाणी दिले आणि त्याच्याच जलाशयात आदिवासींची गावे गेली. इतक्या मोठ्या योजनेपुढे ग्रामपंचायतीचा सल्ला कितपत पोहोचतो, हा प्रश्न केवळ नगर हवेलीचा नाही. परंतु ज्यांच्याकडे सल्ल्याखेरीज काहीच नव्हते त्यांच्या बाबतीत तो अधिक तीव्र होतो.

वरिष्ठ पंचायत १९८९ मध्ये संपुष्टात आली आणि तिच्या जागी प्रदेश परिषद आली. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिका ह्यांना घटनेत स्थान दिले. जिल्हा पंचायत आली, आणि २००६ मध्ये सिल्वासाला नगरपरिषद मिळाली. सिल्वासा व आमली ही पूर्वी निरनिराळी गणली जाणारी वस्ती एका नगरात आली. १९६१ च्या जनगणनेत संपूर्ण प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ मध्ये एकट्या सिल्वासाची सुमारे ९८ हजार झाली. कारखान्यांसाठी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार चाळींतून राहू लागले. एकेकाळी पाड्यांचा असलेला प्रश्न आता मोहल्ल्यांचाही झाला.

२०१८ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत सिल्वासाची निवड झाली. ह्या योजनेत नागरिकांचे मत घेऊन प्रस्ताव करावयाचा आणि तो अमलात आणण्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापावयाची, अशी रचना होती. कंपनीत शासन आणि नगरसंस्था ह्यांचा वाटा समसमान असे. ही योजना मार्च २०२५ मध्ये समाप्त झाली. तिचे मूल्यमापन करणे हा ह्या लेखाचा विषय नव्हे. इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निवडून आलेली संस्था येथे पुन्हा एकदा निर्णयाच्या शेजारी बसली, ती ह्या वेळी भागधारक म्हणून.

५

आज ह्या प्रश्नाला जी निकड आली आहे तिची तीन कारणे आम्ही मांडतो.

पहिले असे की, २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव ह्यांचा मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला आणि दमण ही त्याची राजधानी झाली. ह्या प्रदेशाला विधानसभा नाही. लोकसभेतील प्रतिनिधी सोडला तर सिल्वासाच्या रहिवाशाने निवडून दिलेली माणसे त्याला भेटतात ती नगरपरिषदेत वा पंचायतीतच. अन्य राज्यांत नगरपरिषदेने दुर्लक्षिले तर आमदाराकडे जाता येते. येथे ती वाट नाही.

दुसरे असे की, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या त्या तीन लाख वा अधिक वस्तीच्या नगरांत. २०११ च्या गणनेप्रमाणे सिल्वासा ह्या मर्यादेच्या पुष्कळच खाली आहे. म्हणजे मोहल्ल्याने एकत्र बसून आपली गरज सांगावी, ह्यासाठी घटनेने अनिवार्य केलेले स्थान येथे नाही. ते नगरपरिषदेच्या इच्छेवर अवलंबून राहते.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. २०११ च्या गणनेत ह्या प्रदेशातील निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. परंतु घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रे दहा राज्यांत घोषित झाली आहेत आणि नगर हवेली त्यांत नाही. त्यामुळे १९९६ च्या कायद्याने आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना जे विशेष अधिकार दिले, ते येथील ग्रामसभांपर्यंत आले नाहीत. शेजारच्या तलासरी तालुक्यात ते आहेत. महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या नियमांनुसार तर एखादा पाडाही स्वतःला गाव म्हणून घोषित करवून घेऊन आपली ग्रामसभा भरवू शकतो. सीमेच्या अलीकडचा वारली पाडा आपली योजना आपल्या ग्रामसभेत करू शकतो. पलीकडच्या पाड्याला ती दुसऱ्याच्या सभेत मांडावी लागते. १९६२ मध्ये पडलेले अंतर असे आजही कायम आहे.

ह्यावर असे म्हणता येईल की, लहान प्रदेशाला मोठे अधिकार झेपत नाहीत. निधी केंद्राचा, अधिकारी केंद्राचे, मग निर्णयही तेथेच व्हावेत. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु त्याचे उत्तर १९५४ ते १९६१ ह्या सात वर्षांत आहे. ज्या प्रदेशाला भारताने अद्याप सामील करून घेतले नव्हते, ज्याच्यावरील दावा हेगला चालू होता, त्याने एका पंचायतीच्या नावाने आपला कारभार चालविला. ती पंचायत निर्दोष होती, असे मानण्याचे कारण नाही. तिच्यात आदिवासी बहुसंख्येचा आवाज किती होता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तथापि कारभार झेपत नाही हे विधान ज्या प्रदेशाविषयी सर्वांत कमी शोभते, तो हा प्रदेश होय.

शेवटी आमच्या शिक्षक वाचकांस एक विनंती आहे. सिल्वासा, खानवेल, तलासरी, जव्हार ह्या परिसरातील शाळांना इतिहासाचे एक साधन हाताशी आहे, आणि ते कोणत्याही दप्तरखान्यात नाही. आपल्या पाड्यावरील विहीर, बांध, वाट, शाळेची खोली ह्यांपैकी एकेक घेऊन ती कोणी मागितली, जागा कोणी दिली, श्रम कोणी केले, पैसा कोठून आला आणि कोणत्या सभेत ठराव झाला, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावीत. वारली, कोकणी वा धोडिया बोलीत मिळालेले उत्तर त्याच बोलीत, देवनागरीत उतरवून घ्यावे. मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी आता थोडकी उरली आहे. सनदेतील एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठी न्यायालयाला पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे कागद उलगडावे लागले. विहिरींचे आणि वाटांचे कागद कोणी केलेच नाहीत, तर पुढच्या अभ्यासकांना उलगडण्यास काहीच उरणार नाही.